रंगमंच सोडल्याचा अपराध

उपेक्षेचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात लोक कलावंताचे नावही घेत नाहीत. दुसऱ्यात ते नाव घेतात, त्याच्या दैवाबद्दल हळहळतात, सहानुभूतीची दोन-चार वाक्ये लिहितात, आणि त्याची कृती ऐकण्याच्या किंवा वाचण्याच्या फंदात मात्र पडत नाहीत. पहिली उपेक्षा निदान सरळ असते. काळ पालटला, एखादा साक्षेपी रसिक निपजला, म्हणजे तिचे परिमार्जन होऊ शकते. दुसरीचे परिमार्जन कठीण. कारण ज्याच्यासाठी आपण हळहळलो त्याला आपण न्यायही दिला, असा हळहळणाराचा पक्का समज झालेला असतो. इंग्लंडातील 'एक्सटीसी' या वादकमंडळीच्या वाट्यास गेली चाळीस वर्षे ही दुसऱ्या प्रकारची उपेक्षा आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तिला दुर्दैवाचे नाव देऊन मोकळे होणाऱ्या टीकाकारांस काही प्रश्न विचारावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांस हे नाव अपरिचित असेल त्यांच्याकरिता थोडी माहिती देणे अवश्य आहे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात 'पंक' नावाचे संगीत उसळले. गिटारीवरचे दोन-तीन ढोबळ स्वरमेळ, एक आरोळी आणि भरपूर संताप, एवढ्या भांडवलावर ते चालले होते. त्याच्या पाठोपाठ जी मंडळी पुढे आली त्यांना 'न्यू वेव्ह', म्हणजे नवी लाट, असे नाव पडले. पंकची तडफ आणि आटोपशीरपणा यांनी उचलला. पण संतापाच्या जागी विनोद, तिरकसपणा, चमत्कारिक ठेके आणि चालीविषयी खरीखुरी आस्था आणली. एक्सटीसी ही या लाटेबरोबर वर आलेली मंडळी. इंग्रजी वर्णमालेतील ही तीन अक्षरे एका दमात उच्चारली की परमानंद या अर्थाचा इंग्रजी शब्द कानी पडतो. नावातला हा श्लेष त्यांच्या एकंदर वृत्तीचा द्योतकच म्हणावा लागेल.

त्यांचे गाव स्विंडन. हे लंडनच्या पश्चिमेस विल्टशर परगण्यात आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना येथे १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ साली बंद पडला. मधल्या काळात गावाचे सारे जीवन त्याच्या भोंग्यावर चालले. लंडनच्या शहाण्यांस हे गाव म्हणजे थट्टेचा एक हक्काचा विषय. अशा गावी, नगरपालिकेने कामकरी लोकांसाठी बांधलेल्या पेनहिल नामक वस्तीत अँडी पार्ट्रिज वाढले. ते आणि कॉलिन मोल्डिंग हे या मंडळीचे दोन रचनाकार व गायक. टेरी चेंबर्स तालवाद्ये वाजवीत. बॅरी अँड्र्यूज ऑर्गन वाजवीत, आणि ते १९७९ साली निघून गेल्यावर डेव्ह ग्रेगरी हे कसलेले गिटारवादक त्यांच्या जागी आले. १९७७ साली व्हर्जिन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीशी त्यांचा करार झाला, आणि १९७८ पासून २००० पर्यंत त्यांनी एक्सटीसी या नावाने बारा दीर्घ ध्वनिमुद्रिका काढल्या.

आता त्यांच्याविषयी जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी. पाच वर्षे ही मंडळी देशोदेशी जलसे करीत फिरत होती. १९७९ साली मोल्डिंग यांचे 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल' हे गीत इंग्लंडातील खपाच्या यादीत १७ व्या क्रमांकावर चढले. १९८२ च्या आरंभी पार्ट्रिज यांचे 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' हे गीत दहाव्या आणि 'इंग्लिश सेटलमेंट' ही दुहेरी ध्वनिमुद्रिका पाचव्या क्रमांकावर पोहोचली. यशाचे दार उघडले होते. नेमक्या त्याच वेळी, मार्च महिन्यात, पॅरिस येथे पार्ट्रिज गाता गाता थांबले आणि रंगमंच सोडून आत गेले. कोवळ्या वयापासून त्यांना व्हॅलियमच्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्या एकाएकी बंद झाल्यानंतर भर गर्दीसमोर उभे राहणे त्यांना असह्य झाले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा दौरा सान दिएगो येथील एका जलशानंतर मोडला. तेव्हापासून एक्सटीसी पुन्हा कधीही दौऱ्यावर गेली नाही. येथे कथाकार सुस्कारा टाकतो आणि म्हणतो: केवढे मोठे झाले असते हे लोक! पण रंगमंच सोडला आणि सारे संपले.

या कथेतील घटना खऱ्या आहेत. खोटे आहे ते शेवटचे वाक्य. बारा ध्वनिमुद्रिकांपैकी रंगमंच सोडण्यापूर्वीच्या पाच, आणि नंतरच्या सात! ज्यांचे अर्ध्याहून अधिक काम 'संपल्या'नंतर झाले, त्यांच्याविषयी 'संपले' हा शब्द कोणत्या हिशेबाने वापरला जातो? या मंडळीचे ज्यांनी लक्षपूर्वक श्रवण केले आहे असे बहुतेक रसिक त्यांच्या ज्या दोन कृतींना शिरोभागी बसवतात, त्या 'स्कायलार्किंग' आणि 'अ‍ॅपल व्हीनस' अनुक्रमे १९८६ आणि १९९९ मधल्या आहेत. पॅरिसच्या त्या रात्रीनंतर एक चार वर्षांनी आणि दुसरी सतरा वर्षांनी आली. तेव्हा १९८२ साली संपले ते यांचे दौरे. दौरे संपताच कला संपली असे ज्याला वाटते, त्याच्या लेखी कला म्हणजे दौराच होता, एवढाच त्याचा अर्थ.

येथे आम्हांस टीकाकारांच्या दुटप्पीपणाकडे बोट दाखवणे भाग आहे. बीटल्स मंडळीने १९६६ च्या ऑगस्टात सान फ्रान्सिस्को येथे शेवटचा जाहीर दौऱ्याचा जलसा केला आणि नंतर ध्वनिमुद्रणगृहाचे दार लावून घेतले. पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' निघाली. हा प्रसंग प्रत्येक इतिहासकार नवयुगाचा आरंभ म्हणून वर्णितो. कॅनडाचे विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली, वयाची बत्तिशीही उलटली नव्हती तेव्हा, मैफलींस कायमचा रामराम ठोकला आणि उरलेले आयुष्य मायक्रोफोनसमोर वेचले. त्यांच्या त्या निर्णयावर विद्वानांनी तत्त्वज्ञानाचे इमले रचले. मग तीच गोष्ट स्विंडनच्या चार माणसांनी केली तेव्हा ती आत्महत्या कशी ठरली? कोणी म्हणेल, त्यांनी ती विचारपूर्वक केली, यांनी आजारामुळे. पण कृतीचे मोल ठरवताना कारणाची जात विचारण्याचा हा कोणता न्याय? भेद खरोखर एकच आहे: बीटल्स आणि गूल्ड दार लावून घेण्यापूर्वीच जगप्रसिद्ध झाले होते, आणि एक्सटीसी होण्याच्या बेतात होती. म्हणजे श्रीमंताने घरी बसावे तर ते चिंतन, गरिबाने बसावे तर ती बेकारी! व्यवहारात हा न्याय आपण रोज पाहतो. कलेच्या दरबारातही तोच चालावा, याची आम्हांस खंत वाटते.

आमच्याकडील जाणता वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. तो म्हणेल, गवई मैफलीतच पारखावा ही आपली परंपरा. समोर श्रोते नाहीत, दाद नाही, त्या क्षणी सुचलेली जागा नाही, तेथे संगीत कसले? हे खयालाच्या बाबतीत सर्वस्वी खरे आहे, कारण तेथे गाणारा आणि रचणारा एकाच क्षणी, एकाच आसनावर जन्माला येत असतात. परंतु एक्सटीसीचा धर्म वेगळा. त्यांचे काम म्हणजे बांधलेले गीत: शब्द, चाल, वाद्यांची मांडणी, एका आवाजावर दुसऱ्या आवाजाची बारीक वीण. या कामाची तुलना करायची तर ती महिनोन्‌महिने खोलीत बसून नाटक लिहिणाराशी करावी. नाटककार स्वतः तोंडाला रंग फासून उभा राहत नाही म्हणून त्याचे नाटक कमी प्रतीचे, असे आपण कधी म्हणालो आहोत काय?

शिवाय, जलसे नाहीत आणि चेहरा दिसत नाही म्हणून लोक ऐकेनात, हे म्हणणेही पूर्णपणे खरे नाही. १९८५ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस 'ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फीअर' या अपरिचित नावाची '२५ ओ'क्लॉक' ही छोटी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. वादकांची नावे सर जॉन जॉन्स, लॉर्ड कॉर्निलियस प्लम अशी, म्हणजे उघड उघड बनावट. संगीत १९६७ सालच्या मनोराज्यवादी गीतांचे हुबेहूब आणि प्रेमळ विडंबन. ही मंडळी म्हणजे अर्थातच एक्सटीसी. मौज अशी की, नाव नाही, चेहरा नाही, जाहिरात नाही, अशा या एप्रिल फूलचा खप एक्सटीसीच्या स्वतःच्या नावाने आदल्याच वर्षी निघालेल्या 'द बिग एक्स्प्रेस'पेक्षा अधिक झाला. लोकांना त्यांच्या चाली हव्याच होत्या. हवे नव्हते ते 'बिचाऱ्या एक्सटीसी'चे ओझे, आणि हे ओझे लोकांच्या डोक्यावर टीकाकारांनीच ठेवले होते.

दुसरा आरोप अतिचातुर्याचा. हे लोक फार हुशार आहेत, शब्दांशी फार खेळतात, चालीत फार कोलांट्या मारतात; म्हणून त्यांच्या गीतांत हृदय नाही, असे म्हणण्याची एक पद्धतच पडून गेली आहे. त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांपुरता हा आरोप आम्ही काही अंशी मान्य करतो. 'व्हाइट म्युझिक' आणि 'गो टू' यांत तारुण्याची धसमुसळी घाई आहे. पार्ट्रिज यांचा आवाज उचकी लागल्यागत तुटतो, आणि श्रोत्यास चकित करण्याची हौस त्याला आनंद देण्याच्या हौसेवर मात करते. 'ऑरेंजेस अँड लेमन्स' या १९८९ सालच्या कृतीतही रंगांची इतकी गर्दी आहे की डोळ्यांना थोडी पांढरी भिंत हवीशी वाटते. पण या दोषांवरून सबंध कर्तृत्वास हृदयशून्य ठरवणे म्हणजे बाळाचे रांगणे पाहून थोर माणसाची चाल ठरवण्यासारखे आहे.

'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' हेच गीत घ्या. त्याचा आरंभ एखाद्या मध्ययुगीन शेतकऱ्याच्या गाण्यासारखा, रुक्ष आणि दबलेला. मग चाल हळूहळू उलगडत जाते आणि ध्रुपदात येऊन काय करते? एकापासून पाचांपर्यंत आकडे मोजते! पंचेंद्रियांना एवढे विश्व भोगायला मिळाले आहे की त्यांना जादा काम करावे लागत आहे, ही कल्पना. आणि ती व्यक्त करण्यासाठी पोराने बोटांवर मोजावे तशी मोजणी. चातुर्य येथे आहे यात शंका नाही, पण ते साधेपणापर्यंत पोहोचण्यासाठी खर्ची पडले आहे. हुशारीचा याहून नम्र उपयोग आम्हांस ठाऊक नाही. 'द मेयर ऑफ सिंपल्टन' या १९८९ सालच्या गीताचा नायक तर स्वतःस अडाण्यांच्या गावचा नगराध्यक्ष म्हणवतो: मला पुस्तकी विद्या येत नाही, परंतु प्रेम म्हणजे काय ते मला कळते, असे तो प्रेयसीस सांगतो. ज्यांच्यावर अतिशहाणपणाचा शिक्का मारला गेला त्यांनीच हे गीत रचावे, यातला टोमणा टीकाकारांच्या ध्यानी आला की नाही, कोण जाणे.

तिसरा आरोप आम्हांस सर्वांत उथळ वाटतो. तो असा की, यांचे विषय लहान: गावातली गल्ली, कारखाना, शेजारीपाजारी, पगार, पाऊस. क्रांती नाही, महानगर नाही, रात्रीचा उन्माद नाही. या आरोपास उत्तर म्हणून आम्ही त्यांची तीन गीते पुढे करतो.

पहिले 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल'. नायजेल नावाच्या मुलाचे आईबाप त्याचे भवितव्य ठरवीत आहेत. ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद कंपनीत त्याची सोय लावून द्यायची, म्हणजे तो सुखी होईल, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. तो बोलत नाही? बोलायचे असेल तर बोलेल की! सबंध गीत आईबापांच्या मायेच्या भाषेत आहे. दुष्टपणाचा एक शब्द नाही. तालवाद्यांचा ठेका मात्र एखाद्या यंत्राच्या दट्ट्यासारखा निर्विकारपणे पडत राहतो, आणि त्या मायेचा खरा अर्थ काय ते श्रोत्यास शब्दांआधी ठेकाच सांगतो. मुलाच्या नोकरीची जागा त्याच्या बारशालाच मनात धरून ठेवणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना हा विषय लहान वाटतो काय?

दुसरे 'स्कायलार्किंग'मधील 'अर्न इनफ फॉर अस'. एक तरुण कामकरी आपल्या पत्नीशी बोलतो आहे. घर दुरुस्तीला आलेले, साहेबाचे कुत्सित बोल रोजचे, आणि आता घरात तिसरा जीव येणार. त्याचे मागणे एवढेच की दोघांना, तिघांना पुरेल इतके आपल्याला मिळवता यावे. विषय रडगाण्याचा, पण चाल अशी धावती व उमेदीची की अपमान गिळून कामावर जाणाऱ्या माणसाची ताठ मान डोळ्यांपुढे उभी राहते. प्रेमगीतांत चंद्र आणि फुले पुष्कळांनी आणली. महिन्याचा जमाखर्च आणणारे फारच थोडे.

तिसरे 'डिअर गॉड'. देवाला लिहिलेल्या पत्राचे हे गीत एका लहान मुलीच्या आवाजात सुरू होते आणि प्रौढ पुरुषाच्या आवाजात चढत जाते. जगातील दुःख पाहून तुझ्यावर विश्वास ठेवणे मला शक्य नाही, असे ते सांगते. खोच अशी की जो नाही असे म्हणायचे, त्यालाच पत्र लिहायचे. श्रद्धावान वाचकास हे रुचणार नाही, आणि त्याने त्याच्याशी भांडावे. परंतु भांडण्याजोगे गीत लिहिणाऱ्यावर विषय लहान असल्याचा आरोप त्याने तरी करू नये. या गीताचा इतिहासही बोधप्रद आहे. १९८६ साली ते दीर्घ ध्वनिमुद्रिकेतून वगळले गेले आणि 'ग्रास' या गीताच्या तबकडीच्या मागल्या बाजूस कसेबसे स्थान पावले. अमेरिकेतील रेडिओ-केंद्रांवरच्या निवेदकांनी ती तबकडी उलटी करून लावली; इतक्या श्रोत्यांनी ते उचलून धरले की तेथील कंपनीला दुसरे एक गीत काढून ते ध्वनिमुद्रिकेत घालावे लागले. तबकडी उलटून पाहण्याची एवढी तसदी टीकाशास्त्राने एकंदर मंडळीच्या बाबतीत घेतली असती, तर आमच्या या लेखाचे प्रयोजन उरले नसते.

'स्कायलार्किंग'विषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. टॉड रंडग्रेन या अमेरिकन संगीतकाराच्या देखरेखीखाली ती तयार झाली. त्यांचे आणि पार्ट्रिज यांचे पदोपदी खटके उडाले, हे दोघांनीही लपवलेले नाही. परंतु गीतांचा क्रम लावण्यात रंडग्रेन यांची दृष्टी अचूक होती. उन्हाळ्याच्या भर दुपारी किडामुंगीच्या गुंजारवाने ध्वनिमुद्रिका उघडते. गवतावरचे प्रेम, कारखान्याच्या सुट्टीतली भेट, लग्न, संसार, विटलेले मन, म्हातारपण आणि मृत्यू अशी चढत-उतरत अखेर शिशिरातील होमाग्नीशी येऊन थांबते. एक दिवस, एक वर्ष आणि एक आयुष्य या तिन्हींचे वर्तुळ एकाच वेळी पुरे होते. मोल्डिंग यांचा शांत, जमिनीचा वास असलेला स्वर आणि पार्ट्रिज यांची उसळती प्रतिभा इतक्या समतोलाने पुन्हा क्वचितच भेटली. आणि या कृतीचे नशीब असे की, मुद्रणाच्या साखळीत कोठेतरी जोडणी उलटी होऊन ध्वनिलहरींचे चढ-उतार विरुद्ध दिशेने नोंदले गेले, त्यामुळे तिचा आवाज पातळ व पोकळ भासे. ही चूक ध्यानी येऊन २०१० साली सुधारित आवृत्ती निघाली. मध्ये चोवीस वर्षे गेली! ज्या व्यवसायाला चोवीस वर्षे ही गोष्ट ऐकू आली नाही, त्याच्या कानांवर विसंबून कोणाचा निकाल लावावा?

आता पैशाची गोष्ट. रंगमंच सोडल्यामुळे ही मंडळी गरीब राहिली, हेही अर्धसत्यच आहे. जलशांमुळे खप वाढतो हे आम्ही नाकारीत नाही. ते वाण्याचे गणित आहे आणि वाण्याच्या वहीत ते बरोबरच असते. परंतु ध्वनिमुद्रणाचा, चित्रफितींचा, प्रवासाचा सारा खर्च कलावंताच्या नावे लिहायचा आणि तो फिटेपर्यंत त्याच्या हाती काही पडू द्यायचे नाही, ही ध्वनिमुद्रिका-व्यवसायाची रीत त्याहून अधिक जबाबदार आहे. १९९२ साली 'नॉनसच' ही विलक्षण सुंदर ध्वनिमुद्रिका निघाली. तीतील 'रॅप्ट इन ग्रे' हे गीत स्वतंत्र तबकडी म्हणून काढण्याचे ठरून तबकड्या तयारही झाल्या, आणि मग कंपनीने ते मागे घेतले. तेव्हा या मंडळीने जे केले ते गिरणीकामगारांच्या इतिहासात शोभावे असे होते: त्यांनी संप केला. करारातून मुक्त करा, नाहीतर एकही नवे गीत देणार नाही! १९९२ नंतर थेट १९९९ पर्यंत एकही नवी दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली नाही.

या संपाची किंमत किती जबर होती ते पाहा. नेमक्या याच वर्षांत इंग्लंडात 'ब्रिटपॉप' नावाची टूम निघाली. इंग्लंडातील गल्ल्या, इंग्रजी उच्चार, इंग्रजी मध्यमवर्गाची थट्टा, हे सारे एकाएकी बाजारात सोन्याच्या भावाने विकू लागले. ब्लर या तरुण मंडळीने १९९२ साली आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ पार्ट्रिज यांच्याच हाताखाली केला होता आणि तो मध्येच सोडून दिला होता. १९९४ साली त्यांच्याच 'पार्कलाइफ'ने इंग्लंड डोक्यावर घेतले. ज्या जमिनीत एक्सटीसीने पंधरा वर्षे नांगर धरला, त्या जमिनीचे पीक दुसऱ्यांच्या कोठारात जात होते, आणि नांगऱ्या बांधावर हात बांधून बसला होता. तो हात बांधून का बसला? तर आपल्या कष्टाच्या धान्यावर आपला हक्क असावा म्हणून. याला जो दुर्दैव म्हणतो, त्याने मग स्वाभिमान हा शब्द कोशातून काढून टाकावा.

संप सुटला आणि १९९९ साली 'अ‍ॅपल व्हीनस' आली. मध्यंतरी तिच्या निर्मितीत मतभेद होऊन ग्रेगरीही निघून गेले, उरले दोघेच. चेंबर्स तर १९८२ सालीच गेले होते. अशा उजाड घरातून जे बाहेर आले ते ऐकून मन थक्क होते. 'रिव्हर ऑफ ऑर्किड्स' या पहिल्या गीतात ना गिटार, ना तालवाद्य. प्रथम पाण्याचे थेंब पडतात. मग तंतुवाद्यांच्या छेडलेल्या तारा त्या थेंबांसारख्याच टपटपतात, त्यांत पितळी वाद्ये मिसळतात, आणि प्रत्येक आकृती आपापल्या गतीने फिरत फिरत दुसरीत गुंतते. मोटारींच्या रस्त्यांवर फुलांची नदी वाहावी, अशी ती कविकल्पना. 'ईस्टर थिएटर'मध्ये वसंताचे आगमन एखाद्या नाट्यप्रयोगासारखे मांडले आहे: जमीन दुभंगते, चाल पायरी-पायरीने वर चढते आणि पडदा उघडावा तसे ध्रुपद उघडते. १९७७ सालच्या न्यू वेव्ह मंडळींपैकी किती जणांनी बावीस वर्षांनंतर अशी कृती निर्माण केली? पुष्कळांनी रंगमंच सोडला नाही हे खरे. पण आपल्या तारुण्यातील गीते म्हातारपणी पुनःपुन्हा गाणे, एवढेच त्यांच्या रंगमंचावर उरले. मग खरोखर संपले कोण?

टीकाकारांनी यांची स्तुती कधी केलीच नाही, असा आमचा दावा नाही. 'स्कायलार्किंग'वर चांगले लिहिले गेले. पुढे स्टीव्हन विल्सन यांच्यासारख्या जाणकाराने यांच्या ध्वनिमुद्रिका मुळापासून पुन्हा मिश्रित करून दिल्या. २०१७ साली त्यांच्यावर चित्रपटही झाला. परंतु या स्तुतीतही तो सुस्कारा काही सुटत नाही. 'किती मोठे झाले असते' या वाक्यातील 'असते'वर आमचा आक्षेप आहे. ते मोठे झाले. तुम्ही मोजपट्टी गर्दीची लावली म्हणून ते तुम्हांस दिसले नाहीत.

हा प्रश्न एका इंग्रजी वादकमंडळीपुरता असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. कलावंताने स्वतः मिरवले पाहिजे, सदैव लोकांसमोर उभे राहिले पाहिजे, दिसत राहिले पाहिजे, हा आग्रह आज पूर्वीपेक्षा शतपट वाढला आहे. कृतीपेक्षा कर्त्याचे दर्शन मोठे मानले जाते, आणि जो दर्शन देत नाही त्याची कृती कोणी मागत नाही. लाजाळू माणूस, आजारी माणूस, आडगावचा माणूस, पोराबाळांत गुंतलेला माणूस, ज्याला चार माणसांसमोर उभे राहिले की घाम फुटतो तो माणूस, यांच्यापैकी कोणीही उत्तम कृती निर्माण करू शकतो. पण गर्दीची मोजपट्टी त्यांना जन्मतःच नापास करते. अशा वेळी टीकाकाराचे कर्तव्य कोणते? गर्दी जेथे आहे तेथे जाऊन आणखी एक जयघोष करणे हे नव्हे. तेवढे काम गर्दी स्वतःच करते. जेथे गर्दी नाही तेथे जाऊन कान देणे, आणि जे ऐकू आले ते चारचौघांत निर्भयपणे सांगणे, एवढ्यासाठीच समाज त्याला पोसतो. ते तो करीत नसेल, तर त्याच्या सुस्काऱ्यांची किंमत कवडीइतकीही नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती अशी की, एक्सटीसीची करुण कथा त्यांनी खुशाल विसरून जावी. पॅरिस, गोळ्या, करार, संप यांपैकी काही ठाऊक नसले तरी चालेल. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांनी प्रथम 'ड्रम्स अँड वायर्स' ऐकावी, मग 'इंग्लिश सेटलमेंट', मग 'स्कायलार्किंग', आणि शेवटी 'अ‍ॅपल व्हीनस'. वीस वर्षांत स्विंडनच्या गल्लीतला एक आवाज उचकीपासून स्तोत्रापर्यंत कसा गेला ते त्यांना आपोआप कळेल. त्यानंतरही ज्याला या मंडळीची कीव करावीशी वाटेल, त्याच्याशी वाद घालण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. मात्र त्याने आधी ऐकून यावे.